तिहुआनाची खाद्यसहल: आई शाकाहारी, वडिलांचा गुडघा दुखरा आणि स्टॅम्पची मुदत संपलेली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कॅलिफोर्नियातील इर्वाइनला राहता, नोकरी एच-१बी व्हिसावर आहे आणि पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहेत. पुण्याहून आई-वडील सहा महिन्यांसाठी आले आहेत. सॅन डिएगोहून पायी सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना शहरात नेणारी, गाइडसह दिवसभराची एक खाद्यसहल तुम्ही हेरून ठेवली आहे आणि शनिवारची चार तिकिटे काढण्याच्या बेतात आहात. आई अंडेही खात नाहीत. वडील मांसाहारी असले तरी गोमांस खात नाहीत आणि त्यांचा गुडघा दुखतो. तेव्हा ही सहल आपल्याला झेपेल का आणि तयारी काय करावी, असे तुम्ही विचारले आहे. अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही असेही लिहिले आहे की तुम्हा दोघांच्या पासपोर्टवरील व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत गेल्या वर्षी संपली, परंतु मुदतवाढीचे मंजुरीपत्र (आय-७९७) हाती असल्यामुळे त्याची काळजी नाही.

माझ्या मते काळजी करण्यासारखी गोष्ट त्या शेवटच्या वाक्यातच आहे. आईंच्या जेवणाची आणि वडिलांच्या गुडघ्याची सोय थोड्या नियोजनाने होऊ शकते. परंतु तुमच्या कागदपत्रांची आजची स्थिती पाहता या शनिवारी तुम्ही दोघांनी जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. मी चुला व्हिस्टाला, सीमेपासून काही मैलांवर राहते आणि गेली अकरा वर्षे मराठी व इतर भारतीय कुटुंबांचे लहान गट तिहुआनातील स्थानिक गाइडबरोबर घेऊन जाते. मी वकील नाही. त्यामुळे इमिग्रेशनबद्दल मी जे लिहिते आहे ते तुमच्या कंपनीच्या वकिलाला दाखवून, त्याचे लेखी उत्तर मिळाल्यावरच निर्णय घ्यावा.

आता या अडचणीचे स्वरूप पाहू. अमेरिकेत परत येण्यापुरता तुमचा समज बराचसा बरोबर आहे. मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांपर्यंतची फेरी करून परतणाऱ्या व्यक्तीचा आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) चालू असेल, तर स्टॅम्पची मुदत संपलेली असली तरी तिला परत प्रवेश मिळू शकतो. या सोयीला ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन म्हणतात आणि भारतीय नागरिकांना ती लागू आहे. मुदतवाढ अमेरिकेतच झालेली असेल, तर तुमचा चालू आय-९४ हा त्या मंजुरीपत्राच्याच खालच्या भागात असतो; तो मूळ स्वरूपात जवळ हवा. मात्र हा नियम अमेरिकेचा आहे, मेक्सिकोचा नाही. मेक्सिको भारतीय पासपोर्टधारकाला स्वतःच्या व्हिसाशिवाय आत येऊ देतो तो, त्याच्याजवळ अमेरिकेचा मुदतीत असलेला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर (आणखी काही देशांचे व्हिसाही त्यासाठी चालतात). मुदत संपलेला स्टॅम्प अधिक आय-७९७ ही जोडी त्या अटीत बसत नाही. म्हणजे तुमच्याजवळ परतीचा मार्ग आहे, परंतु जाण्याचा नाही. आई-वडिलांचे नेमके उलट आहे: त्यांचा दहा वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोला त्यांच्याकडून वेगळे काही नको असते.

ही गोष्ट मी अनुभवातून शिकले. काही वर्षांपूर्वी माझ्या गटातील एका जोडप्याला मेक्सिकोच्या खिडकीवरून परत पाठवण्यात आले. सोबतची त्यांची दोन मुले अमेरिकन पासपोर्टवर होती आणि ती रांगेत पुढे गेलेली होती. नोंदणी करताना मी ‘व्हिसा चालू आहे ना’ असे विचारले होते, त्यांनी ‘हो’ म्हटले होते, आणि त्यांच्या मनात मंजुरीपत्राची तारीख होती. प्रश्न नीट न विचारल्याची चूक माझी होती. तेव्हापासून मी प्रत्येकाकडून स्टॅम्पवर छापलेली तारीख अंकांत लिहून घेते. पायी जाणाऱ्यांचे कागद तिकडे फारसे पाहत नाहीत, असे तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. काही वेळा ते खरेही असते. परंतु परवानगीशिवाय दुसऱ्या देशात शिरलेल्या माणसाला तिथे अपघात झाला, चोरी झाली किंवा पोलिसांनी हटकले, तर त्याची बाजू कोण घेणार, याचा विचार करावा. नोकरी, घर आणि मुलांच्या शाळा ज्या व्हिसावर उभ्या आहेत, तो एका दिवसाच्या खाण्यासाठी पणाला लावू नये.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे मेक्सिकोचा अभ्यागत व्हिसा काढणे. तुमच्या भागासाठी त्यांचा वाणिज्य दूतावास सांता अ‍ॅनाला आहे. अपॉइंटमेंट घेऊन मुलाखतीला जावे लागते आणि ती किती दिवसांनी मिळेल हे हंगामावर अवलंबून असते. तो व्हिसा मिळाला, तर जाणे आणि वर सांगितलेल्या सोयीने परतणे, दोन्ही जमते. यात एकच पथ्य कडकपणे पाळायचे: त्या फेरीत तिकडे अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही, कारण अर्ज केला की ही सोय संपते आणि तो नाकारला गेला तर माणूस तिकडेच अडकतो. दुसरा उपाय म्हणजे भारतात जाऊन पासपोर्टवर नवा स्टॅम्प घेतल्यावर ही सहल करणे. ग्रीन कार्डाचा अर्ज किंवा स्टेटस बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडूच नये. काही प्रकारचे अर्ज देशाबाहेर पाऊल टाकताच सोडून दिल्यासारखे धरले जातात.

आई-वडिलांचा मुक्काम संपत आला असेल, तर सीमेच्या अलीकडे, सॅन डिएगोतच एक दिवस चांगला घालवता येतो. ट्रॉली या शहरी रेल्वेची ब्लू लाइन सॅन इसिद्रोला सीमेवर संपते, तिच्याच वाटेवर बॅरिओ लोगान हे स्थानक आहे. तिथली चिकानो पार्कमधील पुलाच्या खांबांवरची भित्तिचित्रे आणि आसपासच्या मेक्सिकन खानावळी हा काही तिहुआनाचा पर्याय नव्हे, पण कागदांची चिंता नसलेली, वडिलांच्या चालण्याला मानवणारी अशी ती दुपार असते.

यापुढचे सारे तुमचे कागद मार्गी लागले आहेत, असे धरून लिहिते.

आई-वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टी बघाव्यात. त्यांचा आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून काढून छापून घ्यावा. मेक्सिकोची छोटी फेरी करून परतले म्हणजे नवे सहा महिने मिळतात, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही; साधारणपणे आधीच्याच मुदतीत परत घेतात, म्हणून ती मुदत संपायला पुरेसे दिवस उरलेले असावेत. दुसरी गोष्ट विम्याची. पाहुण्यांसाठी काढलेला वैद्यकीय विमा अमेरिकेपुरताच असतो की शेजारच्या देशातील छोट्या फेरीलाही लागू होतो, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळे असते. विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. औषधे मूळ डब्यांत आणि चिठ्ठीसह न्यावीत. सर्दीवरच्या काही गोळ्यांत असलेल्या स्यूडोएफेड्रिनला मेक्सिकोत बंदी आहे, तेव्हा पिशवीतून त्या काढून ठेवाव्यात.

शनिवार हा दिवस मी बदलायला सांगेन. जाताना फारसा त्रास नसतो: मेक्सिकोच्या बाजूला परदेशी लोकांची वेगळी रांग असते, अधिकारी पासपोर्ट पाहून शिक्का मारतो किंवा एफएमएम नावाची प्रवेशचिठ्ठी देतो, आणि जमिनीवरून सात दिवसांपर्यंत येणाऱ्याला तिचे शुल्क पडत नाही. खरा वेळ परतीला लागतो. सॅन इसिद्रो हे जगातील अत्यंत वर्दळीच्या सीमानाक्यांपैकी एक आहे. माझ्या अनुभवात पायी परतायला कधी वीस मिनिटे पुरली आहेत आणि कधी तीन तास उभे राहावे लागले आहे. शनिवार-रविवारची संध्याकाळ आणि अमेरिकेतील लांब सुट्ट्यांचा शेवटचा दिवस सर्वांत वाईट. पहाटे कामावर निघालेल्यांची गर्दी असते, परंतु आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी दोन-तीनच्या सुमारास रांग बहुधा आटोक्यात असते. म्हणून ज्येष्ठ माणसे बरोबर असली की मी मंगळवार किंवा बुधवार निवडते, सकाळी नऊला पलीकडे जाते आणि तीनच्या आत परत फिरते. अमेरिकेच्या सीमा विभागाचे प्रतीक्षावेळ दाखवणारे अ‍ॅप आहे, ते दुपारपासून पाहत राहावे. दोन्हीकडचे घड्याळ एकच आहे. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केली तरी तिहुआनासारख्या सीमेवरच्या भागात ती चालू ठेवली आहे.

गुडघ्यासाठी एक हलके घडीचे स्टूल पाठीवरच्या पिशवीत न्यावे. रांगेच्या तोंडाशी असलेल्या अधिकाऱ्याला वडिलांची अडचण नम्रपणे सांगितली, तर काही वेळा त्यांना आणि सोबतच्या एका व्यक्तीला वेगळ्या मार्गाने पुढे घेतात. परंतु तो निर्णय सर्वस्वी त्याचा असतो, त्यावर विसंबून दिवस आखू नये. व्हॅनने नेऊन आणणाऱ्या सहलीत बसून राहता येते, मात्र गाड्यांची रांग पायी रांगेपेक्षा बरीच लांबू शकते आणि मध्ये स्वच्छतागृह नसते. स्वतःची गाडी नेण्याचा विचार या वेळी सोडून द्यावा. अमेरिकेतील गाडीचा विमा तिकडे ग्राह्य नसतो आणि मेक्सिकोचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

आता जेवणाविषयी, कारण बहुतेक मराठी कुटुंबांची निराशा इथे होते.

तुम्ही पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सहा थांबे आहेत: तीन टाको (सारण घालून दुमडलेली पोळी), एक बिर्रिया (मांसाचा मसालेदार रस्सा), एक समुद्री पदार्थांची गाडी आणि एक बिअर. यात आईंना खाण्यासारखे जवळजवळ काही नाही. ‘शाकाहारी पर्याय उपलब्ध’ असे जाहिरातीत लिहिलेले असते, त्याचा अर्थ बऱ्याचदा मांसाच्याच तव्यावर परतलेली चीज-टॉर्टिया (टॉर्टिया म्हणजे तिकडची पोळी) असा निघतो. आपल्याकडे शाकाहारी म्हटले की जे आपोआप समजले जाते, ते तिकडे एकेक शब्दाने सांगावे लागते. ‘कार्ने नको’ एवढेच सांगितले तर चिकन किंवा हॅम येऊ शकते, कारण कार्ने या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त लाल मांस येते. त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो’ म्हणजे मांस, कोंबडी, मासे आणि अंडे यांच्याशिवाय, असे संपूर्ण सांगावे. त्याहून महत्त्वाचे दोन शब्द आहेत ते म्हणजे ‘सिन मान्तेका’ आणि ‘सिन काल्दो’. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. लोण्याला मान्तेकिया म्हणतात, आणि या दोन शब्दांची गल्लत मी अनेकदा होताना पाहिली आहे. परतून घोटलेली राजम्यासारखी बीन्स, तमाले या उकडलेल्या मक्याच्या पदार्थाचे पीठ आणि उत्तर मेक्सिकोत लोकप्रिय असलेली गव्हाची टॉर्टिया या तिन्हींत मान्तेका असण्याची शक्यता मोठी असते. काल्दो म्हणजे रस्सा; भात बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. मोलेच्या दाट सारातही तो असतो.

याउलट मक्याची टॉर्टिया निर्धास्त खावी. मका चुन्याच्या निवळीत शिजवून रात्रभर भिजवतात, धुतात, वाटतात आणि त्या ओल्या पिठाची टॉर्टिया तव्यावर भाजतात. त्यात मका, पाणी आणि चुना यांशिवाय काही नसते. गरम टॉर्टियाचा वास आला की भाकरीच्या चुलीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, हे माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी आजी-आजोबांनी बोलून दाखवले आहे. तिच्यात निवडुंगाच्या कोवळ्या पानांची, म्हणजे नोपालेसची भाजी, भोपळ्याची फुले, भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, आवोकादो असे भरून मागता येते. कणसाचे दाणे हातगाडीवर पेल्यात मिळतात, त्यांवर अंड्याचे मेयोनेज घालू नका एवढे सांगायचे, मग लिंबू, तिखट आणि चीज यांत ते उत्तम लागतात. चीज विरजायला वापरतात त्या रेनेटचा (ते बहुधा वासराच्या पोटातून काढलेले असते) विटाळ आई मानत असतील, तर चीजही वगळावे. हा त्यांचा प्रश्न आहे, तो तुम्ही त्यांच्या वतीने परस्पर सोडवू नये. तवा स्वच्छ पुसून द्यायला सांगितले तर विक्रेते बहुधा मनापासून ऐकतात, परंतु गर्दीच्या वेळी टपरीवर ते शक्य नसते. म्हणून शाकाहारी थांबा गाइडने आदल्या दिवशी फोन करून ठरवलेला असावा, ऐन वेळी शोधलेला नसावा.

वडिलांच्या ताटाकडेही लक्ष हवे, कारण मांसाहारी माणसाची फसगत अधिक सहज होते. बिर्रिया मूळची हालिस्को राज्यातली आणि बोकडाच्या मटणाची, म्हणून आपल्या लोकांना ती ओळखीची वाटते. तिहुआनात मात्र जी बिर्रिया प्रसिद्ध आहे ती बहुतेक ठिकाणी गोमांसाची असते. कार्ने असादाही गोमांसच. उभ्या सळईवर भाजून कापलेली लाल अदोबादा डुकराची असते. तेव्हा रेस म्हणजे गोमांस, पुएर्को म्हणजे डुक्कर, चिवो म्हणजे बोकड, पोयो म्हणजे कोंबडी, हे चार शब्द वडिलांनी कागदावर लिहून खिशात ठेवावेत. माझ्या मते त्यांच्यासाठी या भागाचा सर्वांत चांगला पदार्थ माशाचा टाको आहे: पिठात घोळून तळलेला पांढरा मासा, मक्याची टॉर्टिया, बारीक चिरलेली कोबी, साय आणि लिंबू. एन्सेनादा हे या टाकोचे गाव म्हणून ओळखले जाते, पण तिहुआनातही तो उत्तम मिळतो, आणि कोकणातले तळलेले मासे आवडणाऱ्या माणसाला तो परका वाटत नाही.

सीझर सॅलडचा थांबा तुमच्या पत्रिकेत नाही, तो मात्र मागून घ्यावा. हे सॅलड रोमचे नाही, तिहुआनाचे आहे. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात सॅन डिएगोचे लोक सीमेपलीकडे येत असत. त्यांच्यासाठी खानावळ चालवणाऱ्या सीझर कार्डिनी या इटालियन गृहस्थाने १९२४ मध्ये ते केले, असे सांगतात. आव्हेनिदा रेव्होलुसिऑन या रस्त्यावर सीझर्स हे रेस्टॉरंट आजही आहे आणि तुमच्या टेबलाशेजारी लाकडी भांड्यात ते सॅलड कालवून देतात. आईंनी ते खाऊ नये: त्यात अंडे असते, अँकोव्ही मासा असतो आणि वूस्टरशर सॉसमध्येही तोच मासा असतो. परंतु कालवण्याची ती कृती पाहण्यासारखी आहे, आणि वडिलांना टेकायला खुर्ची मिळते.

मला विचाराल, तर टाकोची सहल सोडून मर्कादो इदाल्गो या मंडईभोवती बेतलेली सहल निवडावी. सोना रिओ भागात असलेल्या या मंडईत सीमेपासून टॅक्सीने थोड्याच वेळात पोहोचता येते, मध्ये मोकळे पटांगण आहे, बसायला जागा आहे आणि चारही बाजूंनी दुकाने आहेत. इथे आई ‘काहीच खाता येत नाही’ म्हणून बाजूला बसणाऱ्या पाहुण्या राहत नाहीत, सर्वांत जाणत्या होतात. वाळवलेल्या मिरच्यांच्या पोत्यांपुढे हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. ग्वाहियो ही मिरची रंगाला आणि मंद तिखटाला, आपण ब्याडगीकडे जावे तशी आहे. आर्बोल बारीक आणि जाळ, थेट लवंगीची आठवण देणारी. आन्चो म्हणजे वाळवलेली पोब्लानो, तिला मनुकांसारखा गोडसर वास असतो, आणि चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो, तिच्यासारखे मात्र आपल्याकडे काही नाही. मिरची मूळ याच भूमीतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि नंतर आपल्या मसाल्यांचा कणा झाली. उलट दिशेने चिंच इकडे आली. तामारिन्दो या नावाने तिची मिठाई आणि सरबत इथे दुकानोदुकानी आहे. चिकू हे नावही इथल्या ‘चिकोसापोते’शी नाते सांगते. आणि हमाइका म्हणून जे गडद लाल, आंबट सरबत मिळते, ते लाल अंबाडीच्या बोंडांचे असते. सोलापूरकडच्या एका आजींनी ते एका घोटात ओळखले होते. आमच्या गाइडने अंबाडीची पाने भाजीला वापरतात हे तेव्हा पहिल्यांदा ऐकले आणि वहीत टिपून घेतले.

पोट सांभाळण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जिथे गर्दी आहे आणि समोर गरम करून देतात तिथे खावे, पाणी बंद बाटलीतले प्यावे, कापून उघडी ठेवलेली फळे आणि टेबलावर उन्हात राहिलेली साल्सा (तिकडची पातळ चटणी) टाळावी. सहा थांब्यांवर पूर्ण पदार्थ कोणालाच संपत नाही, म्हणून दोघांत एक घ्यावा. बरोबर थोडे पेसो ठेवावेत, स्वच्छतागृहाला सुटी नाणी लागतात. खानावळीत दहा ते पंधरा टक्के प्रोपिना, म्हणजे टिप, ठेवण्याची रीत आहे.

तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला फोन करून बोलावे, फक्त ईमेलवर थांबू नये. गटात किती माणसे आहेत, हा मी पहिला प्रश्न विचारते. बारापेक्षा जास्त असतील तर शाकाहारी माणसाकडे कोणाचे लक्ष राहत नाही. गाइडजवळ मेक्सिकोच्या पर्यटन खात्याचे ओळखपत्र आहे का, हे विचारावे. सीमेवर कोणाला परत पाठवले गेले तर उरलेल्यांचे काय आणि पैशांचे काय, हे विचारावे. आणि जो प्रश्न लोक विसरतात तो असा की परतीच्या रांगेत गाइड आपल्याबरोबर उभा राहतो का. काही सहली रांगेच्या सुरुवातीला निरोप घेतात. तरुण गटाला त्याने फरक पडत नाही, तुमच्या वडिलांना पडेल. ज्याने या प्रश्नांची उत्तरे तुटक दिली, त्याच्याकडे मी पाहुणे सोपवत नाही, मग त्याला कितीही तारे मिळालेले असोत.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी मला लिहिणे भाग आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते मेक्सिकोतील प्रत्येक राज्यासाठी वेगळी सूचना काढते. तिहुआना ज्या राज्यात आहे त्या बाहा कॅलिफोर्नियाची सूचना निघण्याच्या आठवड्यात पूर्ण वाचावी आणि वाचून मन साशंक झाले तर जाऊ नये, त्यात कमीपणा नाही. मी स्वतः दिवसाउजेडी, सेन्त्रो (शहराचा मध्यभाग) आणि सोना रिओ या दोन भागांत, ओळखीच्या गाइडबरोबर जाते, रस्त्यात हात करून टॅक्सी थांबवत नाही आणि अंधार पडण्यापूर्वी अलीकडे येते. व्हाये दे ग्वादालुपेच्या द्राक्षमळ्यांची सहल कोणी याच दिवसाला जोडून देत असेल तर नाकारावी. ते मळे एन्सेनादाकडे आहेत आणि एन्सेनादाच एका बाजूने सुमारे शंभर किलोमीटर आहे, तेव्हा तो दिवस वेगळा हवा.

परतीच्या पिशवीबद्दल शेवटचे. ताजी फळे, कच्ची अंडी आणि डुकराचे कोणतेही पदार्थ आणू नयेत. दारू आणायची असल्यास एकवीस वर्षांवरील माणशी एक लिटरपर्यंतच आणावी. सुक्या मिरच्या, चिंचेची मिठाई, व्हॅनिला, भाजलेल्या टॉर्टिया यांना बहुधा अडचण येत नाही. मात्र प्रत्येक खाण्याची वस्तू अधिकाऱ्याला आपण होऊन सांगायची. सांगितलेली वस्तू फार तर तिथेच ठेवून घेतात, न सांगितलेली सापडली तर दंड होतो आणि नोंद राहते. पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या नावे तशी नोंद मुळीच नको. निघण्यापूर्वी मंडईजवळच्या टॉर्टियाच्या दुकानातून अर्धा किलो गरम टॉर्टिया कागदात गुंडाळून आईंच्या हाती द्याव्यात. रांगेत तासभर गेला तरी त्या ऊबदार राहतात, आणि खिडकीशी पोहोचल्यावर ‘काय आणले आहे’ असे विचारण्याआधीच आईंनी सांगावे: टॉर्टिया, सुक्या मिरच्या आणि चिंचेच्या गोळ्या.